अर्ध्या भाकरीवर भरलेलं पोट

दस्तगीर,

काल दुपारी एक बाई दुकानात आली. पन्नाशीची असेल. काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आवं, पोट लय गच्च हुतंय. जेवलं की आंबट ढेकर येत्यात. पित्ताच्या गोळ्यांचं एक पाकीट द्या." माझा हात सवयीनं मागच्या खणात गेला आणि तिथंच थांबला. मी विचारायला लागलो. किती दिवस होतंय? वजन उतरलंय का? घास अडकतो का? थोडं खाल्लं तरी पोट भरतं का? गुडघ्याच्या, कंबरेच्या गोळ्या चालू आहेत का? बाई आधी नीट उत्तरं देत होती, मग वैतागली. "गोळी देणार हाय का न्हाई?" मी म्हणालो, "देतो, पण आधी डॉक्टरला दाखवा." तिनं पिशवी उचलली आणि समोरच्या मेडिकलमध्ये गेली. तिथं तिला दोन मिनिटांत गोळ्या मिळाल्या.

तू गेलास त्याला अकरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मला जमलं ते एवढंच, एका बाईला दुसऱ्या दुकानात पाठवणं.

रहिमतपूरच्या या पेठेत आपली दुकानं बावीस वर्षं एकमेकांना लागून होती. तुझं शिवणाचं मशीन चालू झालं की माझ्या फळीवरच्या बाटल्या बारीक वाजायच्या. दुपारी एकला तू मधल्या भिंतीवर कात्रीच्या मुठीनं दोनदा ठोकायचास आणि डबा घेऊन माझ्या काउंटरच्या आत यायचास. दोन स्टुलं, मधे औषधांचा रिकामा खोका, त्यावर वर्तमानपत्र. तुझ्या डब्यात भाकरी आणि आमटी, शुक्रवारी मटण. माझ्या डब्यात भाकरी, भाजी, खर्डा. माझ्या खर्ड्यावर तुझा डोळा असायचा. मी पहिली भाकरी संपवायच्या आत तू हात धुऊन उठायचास. मी म्हणायचो, "आरं, चावून तरी खा." तू म्हणायचास, "दात कशाला झिजवू? पोटाला काय काम नको व्हय?" आणि लगेच जाऊन मशीनवर वाकायचास. भरल्या पोटी दुमडून चार तास. जेवल्यावर असं वाकून बसलं की पोटातलं आंबट वर येतं, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. तू म्हणायचास, "मग काय उभ्यानं शिवू?"

तुझं पोट नक्की कधी बिघडलं ते मला आठवत नाही. आधी फक्त जूनमध्ये बिघडायचं. शाळेच्या गणवेशांची घाई असायची, दुपारचा डबा तसाच राहायचा, संध्याकाळी तू दुपारचं आणि रात्रीचं एकदमच खायचास. दिवसभर नुसता चहा, उपाशीपोटी, आणि गालात तंबाखू. मग लग्नसराईत व्हायला लागलं. मग रमजानमध्ये. दिवसभर रोजा आणि सुटला की भजी, समोसे, वर गार सरबत, ढसाढसा. दुसऱ्या दिवशी छातीवर मूठ दाबत यायचास. "सुरेशा, हितं जळतंय बघ. कुणी निखारा ठेवल्यागत." मी गोळी द्यायचो. पुढं त्या जळजळीला महिना लागेना, हंगाम लागेना.

आणि कंबरेची गोळी. तीही माझ्याकडूनच. वाकून वाकून तुझी कंबर धरायची, तू सकाळी उपाशीपोटी ती चहाबरोबर घ्यायचास. असल्या गोळ्या पोटाचं अस्तर खातात. मला ते परीक्षेला होतं, मी त्यावर उत्तर लिहून पास झालोय. तुला मी काय म्हणायचो? "काहीतरी खाऊन घेत जा रं." तेवढं बोललो की माझं काम झालं. एका हातानं कंबरेची गोळी द्यायची, दुसऱ्या हातानं पित्ताची. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. तुझ्याकडं कसली चिठ्ठी मागायची?

पंधरा दिवस तू माझं ऐकलंस. ते मला आठवतात, कारण तेवढेच होते. एका रमजाननंतर तुझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, आणि मी तुला धाक घातला की मांडवात छाती धरून बसशील, लोक म्हणतील नवरीच्या बापाला झटका आला. तू घाबरलास. तंबाखूची डबी माझ्या गल्ल्यात ठेवायला दिलीस. चहा दोनवर आणलास. रात्रीचं जेवण आठच्या आत, तेही पोटभर नाही, आणि जेवल्यावर आपण दोघं स्टेशनच्या रस्त्यानं चालत जायचो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली तू विटा घातल्यास, म्हणजे झोपल्यावर आंबट वर येणार नाही. शमीमभाभी मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही काय सांगितलं ह्यांना? रातभर मी घसरत पायथ्याला जाते." आपण किती हसलो. आणि तुला खरंच बरं वाटलं. "लय हलकं वाटतंय गड्या," म्हणालास. त्या पंधरा दिवसांत पित्ताची एक गोळी लागली नाही.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी तू डबी परत मागितलीस. मी दिली.

यावरून आपलं भांडण होतं, ते मिटलंच नाही. तुझं म्हणणं, तंबाखूनं पचतं. माझं म्हणणं, तंबाखूनंच जळतं. तू म्हणायचास, तुझ्या अब्बांनी ऐंशी वर्षं खाल्ली. मी म्हणायचो, अब्बा उभं राहून ढोरं हाकायचे, तू बसून काजं-बटणं करतोस. मी अधूनमधून म्हणायचो, "साताऱ्याला जाऊन एकदा दुर्बीण घालून बघू या. पन्नाशी झाली. एवढी वर्षं पोट बिघडतंय, कशानं ते बघायला पाहिजे. जंतू असतात, जखम असते, पित्ताशयात खडे असतात, काहीही असतं." तू म्हणायचास, "दुर्बीण घातली की काय तरी निघतंयच. आन् तू हाईस की." माझं बोलणं तिथं संपायचं. खरं सांगू? ते 'तू हाईस की' मला गोड वाटायचं. माणसं मला डॉक्टर समजतात याचं मला बरं वाटायचं, आणि तू त्यातला पहिला होतास.

मग तू दुपारी अर्धीच भाकरी खायला लागलास.

उरलेली अर्धी माझ्या पुढ्यात सारायचास. "खा रं. माझं भरलं." मला वाटलं, शहाणा झाला. मला वाटलं, माझं ऐकतोय, कमी खातोय. मी भाभीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. शमीमभाभीच्या हातची भाकरी पातळ, पांढरीशुभ्र. मी ती रोज खाल्ली, दस्तगीर. चार-पाच महिने. थोड्याशा खाण्यानं पोट भरतं, हे वाईट लक्षण आहे असं लिहिलेलं पुस्तक माझ्या कपाटात आहे, आणि मी त्या कपाटाला पाठ लावून तुझ्या वाटणीचं जेवत होतो.

तुझं वजन उतरतंय हे मला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. ते का, ते मला मिरजेला कळलं, ते पुढं सांगतो.

एका सकाळी तू मशीनवरून उठताना मशीनवरच पडलास. शेजारच्या चहावाल्यानं मला हाक मारली. तुझा चेहरा खडूसारखा झाला होता. त्या दिवशी मी विचारलं नाही, रिक्षा केली, भाभीला घेतलं आणि आपण साताऱ्याला गेलो. रक्त तपासलं तर माणसाच्या अंगात असतं त्याच्या निम्मंच. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. डॉक्टरांनी मला आणि भाभीला आत बोलावलं, पडद्यावर दाखवलं. मला समजलं. भाभी माझ्या तोंडाकडं बघत होती. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवतो म्हणून सांगितलं, पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं की तुकडा ही फक्त औपचारिकता आहे. शेवटी ते म्हणाले, "सहा-आठ महिने आधी आला असता तर..." आणि बाकीचं वाक्य त्यांनी कागदावर काहीतरी लिहिण्यात घालवलं.

बाहेर बाकावर भाभी मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर औषधवाले. रोज मांडीला मांडी लावून जेवत होता. तुमास्नी कळलं न्हाई?"

तिनं भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "लक्षात आलं नाही भाभी." तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. परत कधी विचारलं नाही.

ऑपरेशनसाठी मिरजेला जाताना आपण पॅसेंजरनं गेलो, तुला खिडकी हवी होती म्हणून. ताकारी गेल्यावर तू उसाकडं बघत म्हणालास, "ऑपरेशन झालं की निम्मं पोट ऱ्हाईल म्हणत्यात. बरं झालं. अर्ध्या भाकरीची सवय हाईच." भिलवडीला भाभीनं द्राक्षं घेतली. तू तीन मणी खाल्लेस, एकेक करत, सालं थुंकत. मला वाटलं होईल. निम्म्या पोटावर माणसं वर्षानुवर्षं जगतात, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात, मी वाचलंय. मी तुला सगळं वेळापत्रक सांगत होतो. सकाळी काय, दहाला काय, चारला काय. तू ऐकत होतास, पहिल्यांदाच मधे न बोलता.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं तुझे कपडे माझ्याकडं आणून दिले. मी पॅन्टची घडी घालायला गेलो आणि मागची शिवण हाताला लागली. जाड होती. उलटी करून बघितली. कंबर एकदा आत घेतली होती, त्याच्या आत परत एकदा, त्याच्या आत परत. तीन टिपा, एकमेकींना समांतर, तुझ्या हाताच्या, बारीक. शर्टालाही दोन्ही बाजूंनी तसंच. तू महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःचे कपडे आत घेत होतास. सैल कपडे बघून कुणी विचारू नये म्हणून. गावातल्या प्रत्येक माणसाची कंबर तुला पाठ होती, मग तुझी किती उतरली ते तुला इंचाइंचानं माहीत होतं. आणि तू डबा घेऊन येऊन माझ्याशी खर्ड्यावरून भांडत होतास.

मला राग आला. तू आत टेबलावर आणि मी बाहेर तुझ्यावर चिडलेला. भाभीच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती पॅन्ट पिशवीच्या तळाला घातली.

दोन तास लागतील म्हणाले होते. चाळीस मिनिटांत डॉक्टर बाहेर आले. सगळीकडं पसरलंय, काढण्यासारखं राहिलं नाही, म्हणाले. संध्याकाळी तू शुद्धीवर आलास. मी खोटं बोलायची तयारी करून आत गेलो. तू पोटावरची पट्टी चाचपलीस, घड्याळाकडं बघितलंस आणि म्हणालास, "उसवलं आन् तसंच परत शिवलं. व्हय ना? मापाचं काय केलंच न्हाई." मी तोंड फिरवलं. तू म्हणालास, "रडू नको रं. शिवण चांगली घातलीय."

पुढच्या पाच महिन्यांचं काय लिहू? इंजेक्शनं झाली, उलट्या झाल्या, केस गेले. गावानं सगळं सुचवलं. कुणी गोमूत्र आणलं, कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी कुठल्याशा पीराचं पाणी. सगळ्यांचं ऐकून घ्यायचास. मला एकदा म्हणालास, "जवा गोळीनं भागत हुतं तवा कुणी पपई आणली न्हाई." मी ओवा-जिरं घालून ताक द्यायचो, साधं पातळ. चार चमचे जायचे. आलं किसून मधात द्यायचो. एकेकाळी या गोष्टींनी तुला खरंच बरं वाटलं असतं. भरल्या पोटाला, घाईनं खाल्लेल्याला, तेलकटाला हे उपाय आहेत. तुझ्या पोटात आता जेवणच नव्हतं. तरी मी आणायचो, कारण रिकाम्या हातानं यायची लाज वाटायची.

एका शुक्रवारी तू हट्ट धरलास की मी तुझ्यासमोर बसून जेवायचं. भाभीनं मटण केलं. मी ताट घेऊन खाटेपाशी बसलो. मी भराभर गिळत होतो, लवकर संपावं म्हणून. तू बघत होतास. मग म्हणालास, "सावकास. चावून खा. पळून चाललंय व्हय ते?" भाभी हसली. तूही. मी पाणी प्यायलो.

आता जे टाळत आलो ते लिहितो. हे शमीमभाभीला माहीत नाही, तुझ्या मुलींना माहीत नाही, माझ्या बायकोला माहीत नाही. फक्त तुला आणि मला.

मशीनवर पडायच्या साधारण तीन महिने आधी तू म्हणालास, जिना चढला की दम लागतोय. मी रक्त तपासायला सांगितलं नाही. लोहाच्या गोळ्या काढून दिल्या. पंधरा दिवसांनी तू काउंटरवर वाकलास आणि हळू आवाजात म्हणालास, "सुरेशा, परसाकडं काळं हुतंय रं. डांबरागत." मी म्हणालो, "लोहाच्या गोळीनं होतं तसं. घाबरायचं काही नाही." ते खरंच आहे, होतं तसं. मग तू म्हणालास, "पर गोळ्या चालू व्हायच्या आदीपास्नं हुतंय."

दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती. एकाच्या हातात मोठी चिठ्ठी होती. पोटात आत रक्त झिरपलं की असं काळं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. खोटं बोलणार नाही. आठवलं. आणि मी म्हणालो, "बरं, बघू." तू जरा वेळ तिथंच उभा राहिलास. मग गेलास. मशीन सुरू झालं. मी परत कधी विचारलं नाही आणि तूही काढलं नाहीस.

साताऱ्याला दुर्बिणीच्या आधी डॉक्टर तुला एकेक विचारत होते. मी शेजारी उभा होतो, भाभी पलीकडं. त्यांनी विचारलं, "शौचाला काळं व्हायचं का? डांबरासारखं?" तू डॉक्टरांकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालास, "न्हाई, सायेब." डॉक्टरांनी परत विचारलं, "कधीच नाही? कुणाला सांगितलं होतं का?" तू म्हणालास, "न्हाई. तसलं काय न्हाई."

तुझ्या जिवावर बेतलेलं असताना तू माझी अब्रू सांभाळलीस. मी तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी माझ्या चपलांकडं बघत उभा राहिलो.

त्यानंतर पाच-सहा महिने मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी भाभी स्वयंपाकघरात होती. तुझा आवाज अगदी गेला होता. मी खाटेला टेकून म्हणालो, "दस्तगीर, ते काळं होतंय म्हणालेलास, तेव्हा मी..." तू हात उचललास. हात कुठला, नुसती हाडं. "गप," म्हणालास. "ती ऐकंल."

तू पाणी मागितलंस, मी चमच्यानं दिलं, अर्धं ओठांवरून खाली आलं, ते पुसलं. मला वाटलं उद्या ती बाजारात गेली की बोलू. बुधवारी तू डोळे उघडले नाहीस. गुरुवारी सकाळी गेलास. कब्रस्तानात मी तीन मुठी माती घातली, इतरांचं बघून.

तू मला माफ केलंस की फक्त गप्प बसवलंस, हे मला आता कधीच कळणार नाही. भाभीला सांगावं का? सांगितलं तर माझं ओझं कमी होईल आणि तिचं वाढेल. तिला अजून वाटतंय की हे कुणाच्याच हातात नव्हतं. त्यावर ती दिवस काढतेय.

काल तिचा निरोप आला. तुझ्या चाळिसाव्या दिवशी घरी जेवण आहे. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पयल्या पंगतीला बसायचं. ह्यांच्या जागी." मी हो म्हणालोय. मी जाईन, ती वाढेल ते खाईन आणि काही बोलणार नाही.